पाच भागांतले दोन

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं चीनमध्ये होतो. लेक तिथल्याच साध्या शाळेत जायची. शाळेचे गोडवे गात नाही मी. वर्ग खचाखच भरलेला, आणि गृहपाठ असा की पोरीला धड जेवू देत नसे.

एकदा पालकांना वर्गात मागे बसून तास बघायला बोलावलं. फळ्यावर गणित होतं, अर्धा अधिक एक तृतीयांश. एका मुलीनं फळ्यावर उत्तर लिहिलं, दोन पंचमांश. बाईंनी ते पुसलं नाही. तिलाच विचारलं, कसं आलं सांग. चिनी भाषेत अपूर्णांक बोलताना आधी एकूण भाग सांगतात, मग त्यातले घेतले किती ते. त्यामुळे उत्तर वाचतानाच ती म्हणाली, ‘पाच भागांतले दोन’. लगेच माझी लेक उठली. ‘हे तर अर्ध्याहून कमी झालं! अर्ध्यात भर घातली, मग कमी कसं होईल?’ सगळा तास त्या एका चुकीवर गेला. कागदाच्या पट्ट्या दुमडून दुमडून शेवटी सहा सारखे भाग सापडले, तेव्हा चुकलेली मुलगीच सगळ्यांत खूश. छेद सारखे का करायचे हे मलाही त्याच दिवशी कळलं, शाळा सोडून वीसेक वर्षं झाल्यावर.

मग आम्ही बंगळूरला, बसवनगुडीतल्या कन्नड सासरी परतलो. लेक पट्ट्या घेऊन बसली की सासरे चिडवायचे.

“परीक्षेत काय कात्री घेऊन जाणार तू? तिरकस गुणाकार कर, झालं.”

“पण का, आजोबा?”

“सरी, सरी, बरं बाई. आधी मार्क आण, मग विचार का ते.”

घरात हे हसण्यावारी जायचं. शाळेत तिनं हेच विचारलं तेव्हा मिस म्हणाल्या, पोर्शन संपवायचाय, बस खाली. वर्ग हसला. हे तिनं एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही. मार्कांची मला फिकीर नव्हती. तिचं ‘का’ बंद पडू नये, एवढीच धास्ती होती.

सहामाहीनंतर पालकसभेला लेकीला घेऊन गेले. मिस भलत्याच खूश होत्या. पैकीच्या पैकी मार्क, आणि आता किती शांत झालीय बघा, म्हणाल्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “मिस, एकदा तिला विचारा ना, छेद सारखे का करायचे?”

त्यांनी विचारलं. लेक ताठ उभी राहिली, हात मागे बांधले.

“तसंच करायचं असतं, मिस.”

“व्हेरी गुड,” मिस म्हणाल्या.

लेकीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मीही शाबास म्हणेन, अशी तिची खात्री होती.