अक्काचं नाव कार्डावर

सकाळी वहिनीचा फोन आला. ‘वन्सं, अक्का गेल्या...’ मला रडू नाही आलं, आधी संताप आला. महिना उलटला, तो अजून उतरलेला नाही.

अक्का माझी थोरली बहीण. भारी तोंडाळ, तेवढीच मायाळू. दोन्ही किडन्या गेल्या तसं नवऱ्यानं तिला लासूर स्टेशनला माहेरी आणून सोडलं आणि रेशन कार्डातलं नाव कमी करून टाकलं. आठवड्यातून दोनदा ती रेल्वेनं डायलिसिसला शहरात यायची, जाताना माझ्याकडं टेकायची. अर्धा कप चहा समोर धरून म्हणायची, ‘पाणी मोजून प्यावं लागतंय बघ शालू, बोलण्याला तेवढं माप नाय!’ सरकारी योजनेत डायलिसिस फुकट होतं, पण कार्डावर नाव पाहिजे. दवाखान्यानं थोडे दिवस चालवून घेतलं, मग म्हणाले, भावाच्या कार्डात नाव लावून आणा. वेगळं कार्ड काढायचं तरी घर दादाचं, सही त्याचीच लागत होती.

दादा आम्हा दोघींच्या मधला. विचारलं की म्हणायचा, ‘अर्ज दिलाय. सरकारी काम हाये, व्हईल.’ सख्खा भाऊ... विश्वास कसा नाही ठेवायचा? पदरचे पैसे पुरेनात, दोनाचं डायलिसिस एकावर आलं. अक्काचे पाय सुजले, तोंड सुजलं. शेवटी मीच तहसील कचेरीत गेले. अर्ज आलेलाच नव्हता.

तडक लासूर गाठलं. दादा मान खाली घालून म्हणाला, ‘आज रेशनला नाव लागलं की उद्या सातबाऱ्याला लागंल. हिस्सा मागितला म्हंजे?’

‘अरे, धान्याचं कार्ड ते! त्याच्यावर जमीन मिळती व्हय?’ मी तोंडाला येईल ते बोलले. अक्का ओसरीवर बसून सगळं ऐकत होती. ‘सुदामा, एवढंच व्हय? मग आधी सांगायचं की रं मला.’

दुसऱ्या दिवशी डायलिसिसचा वार चुकवून तिनं वावरावरचा हक्क सोडल्याचा कागद करून दिला. कचेरीचा जिना चढताना तिला लई धाप लागली होती. मी तिला अडवलं नाही, हे पाप माझंही आहे.

मग दादानं अर्ज दिला. नाव लागलं, अक्काच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी.

परवा तिचं महिन्याचं घालायला गेले. वहिनीनं गरम पोळी वाढली. गहू चांगला आहे म्हणाले, तर ती सहज बोलून गेली, ‘रेशनचा हाये, अक्कांच्या नावाचा. नाव कमी करायचं राहिलंय अजून.’

मी ताटावरून उठले. दादा जेवत राहिला.