सुभेदारांचे पिवळे दिवे

बंदूक हातात आली की सुभेदार पूवय्यांसारखा माणूस साऱ्या गाळीबीडूत नाही, आणि गाडीचं चाक हातात आलं की त्यांच्यासारखा कुठल्याच गावात नसावा, असं त्यांची बायको चोंडम्मा म्हणायची.

उगाच म्हणत नव्हती. गेल्या वर्षी कैलपोदला, बंदुकांच्या पूजेच्या सणाला, दोघं तिच्या माहेरी कक्कब्बेला निघाले होते. नापोक्लूच्या उतारावर धुकं असं दाटलं की बॉनेटसुद्धा दिसेना. "रस्ता माझ्या पायाखालचा आहे," सुभेदार म्हणाले. रस्ता डावीकडे वळला, सुभेदार सरळ गेले. गाडी अलगद भाताच्या खाचरात उतरली आणि चोंडम्माच्या मांडीवरचं डुकराच्या रश्शाचं पातेलं तिच्या नव्या रेशमी साडीवर उतरलं. गाडी ओढून काढायला अर्धं माहेर चिखलात उभं राहिलं. तेव्हापासून कुणाचंही लग्न असो, पंगतीत भाताआधी तो किस्सा वाढला जाई.

गाडीची किल्ली त्या दिवसापासून चोंडम्माच्या कपाटात गेली. बंगळूरला असलेल्या मुलानं, सोमण्णानं, यंदा गिऱ्हाईकही शोधलं. सण झाला की सोमवारी माणूस गाडी न्यायला येणार होता.

"अप्पा, हवी तेव्हा भाड्याची जीप मागवा की," सोमण्णा फोनवर म्हणाला.

मागवा म्हणे! सुभेदारांनी उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आता मडिकेरीच्या बाजारात जायचं तरी फाटकाशी छत्री घेऊन दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत उभं राहायचं. जुनी का असेना, ती मारुती अंगणात होती तोवर आपण म्हातारे झालो असं त्यांना वाटलं नव्हतं. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी पार्सलनं पिवळे फॉग लाइट मागवले आणि आल्या आल्या चोंडम्मासमोर नेऊन ठेवले.

"हे बसवतो. यंदा तुला कक्कब्बेला नेतो आणि परत आणतो. मग काय ते ठरव."

चोंडम्मानं दिवे उलटसुलट करून पाहिले. "चालेल. पण वाटेत मी एकदा जरी 'थांबवा' म्हटलं, तर सोमवारी गाडी गेली. मग मिशीवर हात फिरवत तिला सलाम ठोकायचा."

"कबूल."

"आणि बसवणार कोण? बाजारातला तो वायरमन?"

"स्वतःची बंदूक दुसऱ्याकडून साफ करून घेणारा मी नाही."

झालं. अंगणात सतरंजी पसरून सुभेदार बंपरखाली शिरले. बाहेर फक्त पाय. बंपरला भोकं पाडताना ड्रिलचा आवाज ऐकून कोंबड्या कॉफीच्या झाडांत पळाल्या. भोकं पडली, दिवे बसले, रिले बसला, बॅटरीपर्यंत वायर गेली. मोठ्या ऐटीत त्यांनी स्विच दाबला तर काहीच नाही. वैतागून हॉर्नवर हात मारला तेव्हा दोन्ही दिवे लख्ख पेटले. कुठली तरी वायर हॉर्नच्या वायरीला जाऊन मिळाली होती.

"वा," स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला. "म्हणजे धुक्यात सगळ्या वाटेनं भोंगा वाजवत जायचं. माहेरी कळेल तरी, जावई आले."

सुभेदार परत बंपरखाली शिरले. पुन्हा पाय बाहेर, बाकी आत. संध्याकाळी स्विचवर दिवे लागले तेव्हा उरलं फक्त नेम धरणं, आणि तिथं त्यांना कोण शिकवणार? समोर फणसाच्या झाडावर सणाच्या नेमबाजीसाठी नारळ टांगला होता. सुभेदारांनी डावा दिवा नारळावर धरला, उजवाही नारळावर धरला, मिश्या पुसल्या आणि नट आवळले.

"बघ, दोन्ही एकाच जागी. केसाचा फरक नाही."

"नारळाचे डोळे दिपले असतील," चोंडम्मा म्हणाली आणि आत गेली.

सणाच्या सकाळी बंदुकांना चंदन आणि फुलं वाहून दोघं निघाले. पातेलं या खेपेला मागच्या सीटवर, दोरीनं बांधून. मडिकेरीपर्यंत ऊन होतं. नापोक्लूचा उतार लागला आणि दरीतून धुकं वर आलं. सुभेदारांनी स्विच दाबला.

समोर पांढरी भिंत उभी राहिली. नुसतं धुकं होतं तेव्हा निदान काठाची झाडं तरी दिसत होती, आता तीही गेली. सारा उजेड धुक्यावर आपटून त्यांच्याच डोळ्यांत येत होता. चोंडम्मा "इग्गुतप्पा, इग्गुतप्पा" असं देवाचं नाव घेऊ लागली. पुढचा शब्द कुठला येणार हे सुभेदारांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो यायच्या आत त्यांनी आपणच गाडी कडेला घेतली.

"मी म्हटलं नाही हं," चोंडम्मा म्हणाली. "नोंद असू द्या."

सुभेदार खाली उतरले. आपलंच हसं आपण करून घेतलं, या विचारानं त्यांचे कान तापले होते. किल्ली खिशातून खाली पडली म्हणून ते वाकले, आणि तसेच वाकून राहिले. वर काही दिसत नव्हतं, पण जमिनीलगत धुकं विरळ होतं. रस्त्याची पांढरी रेघ चांगली दहा पावलं दिसत होती. धुक्यात शिकारीला गेलं की वडील त्यांना झुडपांखालून बघायला लावत. डुकराचे आधी पाय दिसतात, म्हणत. हे सारं ठाऊक असलेल्या माणसानं दिवे नारळावर धरले होते.

त्यांनी पाना काढला. नट सैल करून दोन्ही दिव्यांची तोंडं खाली वळवली. फौजेत, शिकारीत, सणात, कधीच त्यांनी नेम असा जमिनीवर धरला नव्हता. जिवावर आलं, पण केलं.

"काय झालं हो?" खिडकीतून चोंडम्मा.

"नेम चुकला होता."

हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. टोमणा ओठावर आला होता, तो तिनं गिळला आणि काच वर केली.

गाडी निघाली. पिवळा उजेड रस्त्यावर सांडला, रेघ उगवत गेली आणि सुभेदार तिच्या मागोमाग बैलगाडीच्या चालीनं निघाले. कक्कब्बेला मेहुणा माचय्या फाटकातच उभा होता.

"बावा, आम्ही दोर तयार ठेवला होता," तो म्हणाला.

"म्हैस बांध त्यानं," सुभेदार म्हणाले.

परतायला दिवस कलला आणि धुकं सकाळच्या दुप्पट झालं. पहिली काही वळणं चोंडम्मा माहेरच्या साऱ्यांची उणीदुणी काढत होती. मग गप्प झाली. सुभेदारांचं धाबं दणाणलं. आता म्हणेल, या वळणावर म्हणेल, असं करत त्यांनी सारा चढ पार केला. नजर रेघेवरून हलवायची त्यांची छाती नव्हती. मडिकेरीच्या दिव्यांत आल्यावर त्यांनी हळूच शेजारी पाहिलं आणि मग घरापर्यंत एकही खड्डा लागू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सोमण्णाचा फोन आला. "अप्पा, काय झालं? अम्मानं थांबवायला लावलं का?"

"तुझी आई झोपली होती," सुभेदार म्हणाले.

"आत्ता? इतक्या उशिरापर्यंत?"

"काल. गाडीत. माझ्या शेजारी."

लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या गाडीत चोंडम्मानं कधी डोळा मिटला नव्हता, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"बरं," सोमण्णा म्हणाला, "मी त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगतो."