सदऱ्याला मोहफुलांचा वास

बायको गेली, त्यानंतर दिवाळी झाली, होळी झाली. घरात मुलगा आहे, सून आहे, नातवंडं आहेत. जेवण वेळेवर मिळतं, तक्रार नाही. पण संध्याकाळी "आज काय झालं?" असं विचारणारं माणूस उरलं नाही. या प्रश्नाची सवय तिने मला कॉलेजच्या वर्षापासून लावली होती. ती कशी लागली तेवढं सांगतो.

मी फार शिकलेला माणूस नाही. केशोरीकडच्या जंगलपट्टीतला. मॅट्रिक दुसऱ्या खेपेला कसाबसा झालो आणि गोंदियात कॉलेज निघालं असं ऐकून नव्या नवरीला घेऊन गोंदियाजवळच मुर्रीला खोली केली. बाप नव्हता, भावांची आपापली शेती. फी मलाच भरायची होती, म्हणून राइस मिलमध्ये लागलो.

मिल उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची. धान हौदात भिजत घालायचं, वाफवायचं, मग पटांगणात पसरून दिवसभर पायाने उलटवायचं. भिजल्या धानाला आंबूस वास सुटतो. तो अंगाला धरला की साबणाला ऐकत नाही. पहाटे मी भट्टीवर, ऊन चढलं की कॉलेजात, तिसऱ्या प्रहरी परत पटांगणात. माझा पगार फीला जायचा. बायको बिड्या वळायची, त्यावर चूल पेटायची.

मिलचा मुकादम हिंदीत ओरडायचा, "ए कालेज, पाँव चला! किताब से धान नहीं सूखता!" मिलमध्ये माझं नाव कालेज पडलं. कॉलेजातल्या पोरांनी नाव ठेवलं हौद. दोन्हीकडे नाव होतं, पण बोलायला कोणी नव्हतं. तिघांचा बाक असायचा. पहिल्या दिवशी दोघं येऊन बसले आणि तास अर्धा व्हायच्या आत उठून मागे गेले. भांडण नाही, शिवी नाही. बस, पुन्हा कोणी आलं नाही.

घरी ती विचारायची, "दोस्त झाले का जी कोनी?"

"झाले ना. तिघं बसतो बाकावर."

वास मात्र तिला कळत होताच. चैत आला, परीक्षा तोंडावर आली. एका संध्याकाळी ती म्हणाली, "अजी, तुमच्या सदऱ्याले हौदाचा वास येऊन राहिला. असेच जाता चार लोकांत?" कॉलेजचा सदरा एकच होता. तिने तो धुतला, वाळवला, आणि माहेरून आलेल्या मोहफुलांच्या मडक्यात घडी करून रात्रभर दाबून ठेवला. सकाळी काढून मला दिला. "हुंगा. आता कोनी नाक नाई मुरडनार."

मी हुंगला. बरं वाटलं. आमच्या गावांत चैतात अंगणाअंगणात हीच फुलं सुकत पडलेली असतात. भाजून खातो, भाकरीत घालतो, बैलाला देतो. आमच्या नाकाला तो वास म्हणजे घर. त्याच फुलांची दारू निघते हे काय आम्हाला माहीत नव्हतं? पण त्या सकाळी दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

वर्गात घाम आला आणि सदरा घमघमायला लागला. सर पुण्याकडचे होते. शिकवता शिकवता थांबले, माझ्या बाकाजवळ आले.

"सकाळी सकाळी पिऊन आलास?"

"नाही सर."

"मग हा वास कसला?"

"मोहफुलांचा," मी म्हणालो. खरं तेच बोललो. वर्ग फुटला हसून.

"चल, ऊठ. पालकांना घेऊन ये. तोपर्यंत वर्गात पाऊल टाकायचं नाही, आणि परीक्षेचं विसर."

वर्षभर त्या गरम धानावर पाय भाजले होते ते परीक्षेसाठीच. घरी येऊन भिंतीला टेकलो आणि तिला सांगितलं. बिडीचं पान तिच्या हातात तसंच राहिलं.

"पालक मंजे कोन?"

"घरचं माणूस."

"मंग मी कोन आहो?"

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत कॉलेजात आली. पदरात मोहफुलं बांधली होती. व्हरांड्यात सर दिसले तशी सरळ पुढे गेली. पोरं गोळा झाली.

"गुरुजी, ह्यांचं तोंड हुंगा. सदरा कायले हुंगता?" तिने पदर सोडला. "हे पाहा. सदरा म्या ठेवला यात. प्याला असन तर सदरा प्याला, मानूस नाई प्याला."

सर गांगरले. माणूस वाईट नव्हता. एक फूल उचलून नाकाशी नेलं.

"खाऊन पाहा ना. मनुक्यावानी लागते."

त्यांनी खाल्लं आणि हसू आवरेना त्यांना. "आता मलाही घरी पिऊन आलो म्हणतील."

"मंग मले बोलवजा. मी येऊन सांगीन."

"जा रे," सर मला म्हणाले, "बस जागेवर."

मी जाऊन बसलो. ती खिडकीशी उभी होती. बाकी सगळ्या बाकांवर तिघं तिघं, दाटीवाटीने. माझ्या बाकावर मी एकटा. मी पुस्तकात मान घातली. वर पाहिलं तेव्हा खिडकीत कोणी नव्हतं.

संध्याकाळी वाटलं, आता म्हणेल, तिघं बसता म्हने! तिने तो विषयच काढला नाही. मांडीवरचं बिड्यांचं सूप घेऊन चटईवर एका अंगाला सरकली, मला जागा केली आणि म्हणाली, "आज काय झालं कॉलेजात? सुरवातीपासून सांगा."

इतिहासाचा तास झाला होता. एका राजाची लढाई सांगितली. तिने विचारलं, "त्याची बायको तवा कोठं होती?" ते काही पुस्तकात नव्हतं. त्या दिवसापासून रोज सांगायला लागलो. मला वाटतं, माझा अभ्यास झाला तो तिथे, त्या चटईवर.

परीक्षेला बसलो, पास झालो. पुढल्या साली पाळणा हलला, मिलची वेळ बदलली, कॉलेज तिथेच राहिलं. त्याचं दुःख नाही. प्रश्न मात्र राहिला. सारी उमर मिलमध्ये गेली, तरी ती रोज विचारायची.

"काय होणार? धान सुकलं."

"सुरवातीपासून सांगा."

यंदा चैतात मी बाजारातून मोहफुलं आणली आणि एक सदरा त्यात ठेवला. घातला तर सून म्हणाली, "बाबा, सदऱ्याले कायचा वास येऊन राहिला जी?"

"मोहफुलांचा."

"काऊन?"

मी सुरवातीपासून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत लेकरू रडलं, ती उठून गेली. तिची काही चूक नाही. चौकात जाऊन बसलो. लोक आले, बसले, उठून गेले. दिवस मावळला तसा घरी आलो, चटई टाकली आणि बसलो, एका अंगाला सरकून.