तेवीसच्या दुप्पट शेहेचाळीस

आमच्या पुतण्याचं साक्षगंध (तुमच्याकडचा साखरपुडा) वायूंच्या नियमांमुळे मोडता मोडता राहिलं. नियमांची काही चूक नव्हती. त्यांना माझ्यासारखा माणूस भेटला, एवढंच.

माझ्या बी.एस्सी.चा आमच्या खानदानात भलताच दरारा आहे. सायन्सला मी एकटाच गेलो आणि पुढचं कोणी खोदून विचारलं नाही, म्हणून तो टिकला. दादानं तर घाटंजीच्या व्याह्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की आमच्या घरात एक शास्त्रज्ञ आहे. व्याही ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. तेव्हा त्यांच्याशी विज्ञानाच्या चार गोष्टी बोलून आमच्या दारव्ह्याचं नाव राखायचं, असा माझा बेत होता.

एप्रिलचं ऊन. दादा पाहुण्यांना घेऊन पुढे गेला होता. नवरदेव विशाल माझ्या गाडीतून येणार होता, कारण तिच्यात एसी आहे. बायको अंगठी पुन्हापुन्हा पर्समध्ये आहे ना ते बघत होती आणि अकरावीतली लेक मिताली पंख्याखाली केमिस्ट्रीची गणितं सोडवत बसली होती. मी ज्ञानदानाला सरसावलो. गणित सोपंच होतं. टायरमधली हवा तापली, तर दाब किती वाढेल? मी पेनही न उचलता सांगून टाकलं, तापमान दुप्पट की दाब दुप्पट! उत्तर पुस्तकाशी जुळेना. मी छापणाऱ्याला दोषी ठरवून मोकळा झालो.

"पण बाबा, मंग झिरो डिग्रीवर टायरातली हवा गायबच होईन. काश्मिरातल्या गाड्या कायच्यावर चालून राह्यल्या?"

"काश्मीरचं काश्मीरवाले पाहतीन. तू दारव्ह्याचं बोल."

बोलता बोलता माझी नजर अंगणातल्या गाडीवर गेली. हवा भल्या पहाटे भरलेली, तेवीस डिग्रीला. आता मोबाइल शेहेचाळीस दाखवत होता. म्हणजे दाब बत्तीसचा चौसष्ट! नवरदेवासकट सगळे स्फोटात जाणार! मी गुपचूप जाऊन चारही टायरांतली निम्मी हवा सोडली. (स्टेपनीचीही सोडली. विज्ञानात भेदभाव नसतो.) कोणाला बोललो नाही. थोर माणसं उपकाराचा गाजावाजा करत नाहीत.

दारव्हा मागं पडलं आणि गाडी गाळात शिरलेल्या म्हशीसारखी डुलू लागली. उतरून पाहतो तर चारही टायर बसलेले. स्टेपनी काढली, तिचीही तीच तऱ्हा. विशालला खात्रीच पटली, की कोण्या वैऱ्यानं लग्न मोडायला हे केलंय. बायकोनं भावकीतली दोन नावंही घेतली. मी त्यांना थोडा वेळ शोध घेऊ दिला. मग शास्त्रीय भाषेत सगळं समजावून सांगितलं.

"अवो, लोकं टायरात हवा भरतेत," बायको शांतपणे म्हणाली. "तुमी काहून काढली?"

मागच्या सीटवरून मितालीनं पुस्तक वर केलं. "बाबा, इथं लिहेल हाये. डिग्रीत आधी दोनशे त्र्याहत्तर मिळवा लागते. बत्तीसचे पस्तीसच झाले असते."

डिकीत पायानं मारायचा पंप निघाला. माझी कंबर लगेच धरली, म्हणून नवा रेशमी कुर्ता घातलेला नवरदेव भर उन्हात पंप मारू लागला. मी छत्री धरली. (टायरवर. तापमान वाढायला नको!) इकडे दादाचे फोनवर फोन. मुहूर्त टळत आला होता आणि नवरदेवाचं मन फिरलं, अशी कुजबुज मांडवात सुरू झाली होती.

"काका, ते नाही म्हणाले तं?" विशालनं घाम पुसत विचारलं. त्याचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं.

घाटंजीला पोचलो, तेव्हा भटजी चप्पल शोधत होते. विशाल घामानं चिंब, हात काळे, कुर्त्यावर ग्रीस. मग मितालीनं सगळ्यांदेखत, पायऱ्या न गाळता, अख्खं गणित सांगितलं. नवरीच आधी हसली. ती हसली तशी तिच्या मावश्या हसल्या, भटजी परत बसले आणि साक्षगंध झालं एकदाचं.

पंगतीत व्याही स्वतः माझ्या ताटात बुंदी वाढायला आले. फार अदबीनं वाकून म्हणाले, "सायेब, बी.एस्सी.ले विषय कोणता होता तुमचा?"

अख्खी पंगत माझ्याकडे पाहत होती. मी घास गिळला आणि म्हणालो, "इतिहास."