नामंजूर डब्बा

वणीच्या आमच्या ऑफिसातले किस्से आठवायला बसावं लागत नाही. कोणी नुसतं 'सलीम' म्हटलं, की एकामागून एक येतात, आणि माझा चहा थंड होतो.

आम्ही दोघंच. फोन आणि ग्राहक माझ्याकडे, कॉम्प्युटर सलीमकडे. बाप गॅरेजवाला, म्हणून हा वेबसाईटही पाना घेऊन बसल्यासारखी खोलायचा! साईट जिनिंगवाल्यांची, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांची. लोकांनी कापसाचा फोटो चढवायचा, प्रत घरबसल्या कळायची.

*

पहिल्याच आठवड्यात मुकुटबनच्या कॅफेतून नऊ जणांनी फोटो चढवले. नऊही फायलींचं नाव 'कापूस'. एकीवर एक बसत गेल्या, उरली शेवटची. बाकी आठांचे फोन, "मॅडम, माहा कापूस कुठी गेला?"

सलीम म्हणाला, "आजपासून फायलीचं नाव आपण ठेवू. बारसं आपल्याच घरी!"

*

एकदा फोटो म्हणून व्हायरसच आला. मी म्हटलं, "पण पाठवणाऱ्यानं नाव तं 'कापूस' ठेवलं होतं!"

"मॅडम, गाठोड्यात वरून कापूस दिसला म्हून खाली गोटा नसते का? खोलूनच पाहा लागते."

*

एका काकांनी बैलाचा फोटो टाकला. मी फोन केला, तर म्हणतात, "कापूस त्यानंच आणला ना बाई!"

*

दोन एमबीच्या वर फाईल आत घ्यायची नाही, हा नियमही सलीमचाच. मी भांडले, "एखादा मोठा फोटो आला तं काय बिघडते?"

"आज एक, उद्या हजार. साईट बसून जाईन."

अडवलेल्या फायली 'नामंजूर' डब्ब्यात पडायच्या. शनिवारी चहा घेत आम्ही दोघं तो डब्बा डोळ्यांनी तपासायचो, मग साफ करायचो. सलीम म्हणायचा, "मशीनले काय समजते? एखाद्याचा खरा कापूस अडकला असंन!" किती हसायचो! ते शनिवार मला अजून हवे आहेत.

*

मग कापसाचे वाईट दिवस आले. दोन जिनिंग बंद पडल्या, ऑफिसात एकाचंच काम उरलं. सलीम म्हणाला, "तुम्ही राहा, मॅडम," आणि पुण्याला निघून गेला. त्यानं फोन केला नाही. मलाही नंबर फिरवायची हिंमत झाली नाही.

पहिल्या शनिवारी एकटीनंच डब्बा उघडला. आत एकच फाईल, नऊ एमबीची. परक्या खोलीची खिडकी, खिडकीत चहाचे दोन कप.

पुढच्या शनिवारी पुन्हा तीच खिडकी, तेच दोन कप, नऊ एमबी!

दोन एमबीचा नियम मी अजून बदललेला नाही.