चढाच्या पायथ्याचं वळण

भोकरदनच्या रस्त्यावरचं एक वळण मी आखलं. ते तसं का आखलं, हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. विषय निघाला की मी उठून जायचो.

बहात्तरच्या दुष्काळी कामांवर मी ओव्हरसियर होतो. गावाबाहेर तंबूत राहायचो. दिवसभर भोवती मजूर असत, पण साहेब म्हणून सगळे चार हात लांब. तेव्हा एका मोसंबीच्या बागवाल्याने जेवायला बोलावलं आणि मी रोज जाऊ लागलो. समोर बसून कुणीतरी बोलतंय, याचीच मला जास्त भूक होती.

नकाशातली सरळ रेघ त्याच्या बागेतून जात होती. दुरून पाणी वाहून त्याने ती झाडं जगवली होती. त्याने मागितलं काहीच नाही. मीच चुन्याची रेघ वळवली, चढाच्या अगदी पायथ्याशी. वळणापुढे एका मजुराचं घर होतं. ते मला दिसत होतं.

सरळ रस्त्यावर ट्रक वेगात येऊन चढून गेले असते. आता वळणावर ब्रेक लागे, वेग मरे आणि पहिल्या गिअरमध्ये ते त्या घरासमोरून काळा धूर ओकत चढत. मजुराच्या बायकोला दमा होता.

तो माझ्याकडे आला. "साहेब, ह्या रस्त्याची खडी म्या फोडली. पण गाडीला धाव घ्यायला जागाच न्हाई ठेवली तुम्ही. बागेला बराबर वळसा, अन् आम्हाला धूर!"

"वळणामुळे गाड्या हळू जातात, बाबा. तुमच्याच भल्याचं आहे."

"हळू जातेत म्हणूनच तं! दार लावलं तरी ती खोकून राह्यली. एकडाव या चहाला. धूर फुकट."

"नकाशातच तसं आहे," मी म्हणालो.

नकाशा माझ्या काखेत होता. दाखवा, असं तो म्हणाला नाही. त्याला माझा शब्द पुरला.

माझी बदली झाली. दोनेक वर्षांनी बसने तिकडून जाताना शेजारच्या प्रवाशाकडून कळलं, ती बाई गेली. धुरानेच गेली, असं मी म्हणू शकत नाही. नाही, असंही म्हणू शकत नाही.

वळणावर बस इतकी मंदावली की सहज उतरता आलं असतं. तो दारात एकटाच बसला होता. मला ओळखून त्याने हात वर केला. "जयभीम, साहेब!"

मी नुसते हात जोडले. बस चढाला लागली. तो आता हयात नाही. त्या दिवशी उतरून एवढंच म्हणायचं होतं: बाबा, नकाशात रेघ सरळ होती. ती मी वाकवली, आणि तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा.