नणंदेच्या घरचं पांढरं पिल्लू

आमच्या ओल्डेनबुर्गात विब्के बेकरीच्या काउंटरवर उभी असते आणि घरी मागच्या खोलीत अजगर पाळते. घाबरले की चेंडूसारखे गोल होणारे, ठेंगणे बॉल पायथन. तिला हवं होतं अंगावर पांढरे पट्टे असलेलं पिल्लू. पण हा गुण लबाड. आई आणि बाप दोघांकडून आला तरच अंगावर दिसतो. एकाकडूनच आला तर साप दिसायला साधा, गुण पोटात दडलेला. तिच्या जोडीला एकदाच पिल्लं झाली, सगळी साधी, आणि मग मादी मेली. त्यातली सुरेख नक्षीची नर-मादी विब्केनं ठेवली. मळकट दिसणारी जोडी नणंदेला, गेशला, वाढदिवसाला देऊन टाकली.

त्याच मळकट जोडीच्या अंड्यातून पुढे अर्धं अंग दुधासारखं पांढरं असलेलं पिल्लू निघालं. विब्केच्या सुरेख जोडीला मात्र साधीच.

"वहिनी, तुझ्याच घरचं रक्त आहे हो," गेश केक वाढताना म्हणाली.

"म्हणून तर," विब्के म्हणाली आणि केक तसाच ठेवून उठली.

प्राण्यांच्या बाजारात दोघींनी एकच टेबल घेतलं होतं. सगळी गर्दी गेशच्या पांढऱ्या पिल्लाच्या डब्यापुढे. गेश कॉफी आणायला गेली तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं ते पिल्लू मागितलं.

"खात नाही हो ते," विब्के हळूच म्हणाली.

म्हातारा निघून गेला. गेश मागेच उभी होती, दोन्ही हातांत कप.

"काल तूच त्याला उंदीर भरवलास ना, वहिनी?"

विब्के डब्याचं झाकण पुसत राहिली. गेशनं एक कप तिच्यापुढे ठेवला. "इतकं जळतंय, तर माझा नर ने एका हंगामापुरता."

विब्केनं बरेच दिवस गेशपुढे तो विषय काढला नाही, घरी मात्र रोज काढला. शेवटी नवरा, फोल्केर्ट, वैतागला. "तो साप तरी आण, नाहीतर त्याचं नाव तरी काढू नकोस."

तिनं आणला. अंडी फुटली. सगळी साधी.

आता त्यातलं एकही ती कुणाला देत नाही. पोटात काय दडलंय कुणास ठाऊक. डब्यांना जागा हवी म्हणून फोल्केर्टचे मासेमारीचे गळ गॅरेजमध्ये गेले. परवा गेशनं सहज एक पिल्लू उचललं.

"हे देतेस का? गोड आहे."

विब्केनं ते तिच्या हातातून काढून घेतलं, उजेडात धरून उलटसुलट निरखलं.

"का? तुला यात काय दिसलं?"